जॅमसाठी फळ थोडे आधी तोडा, लिक्युअरसाठी थोडे उशिरा

घरच्या झाडाचा मोठा फायदा हा, की फळ कोणत्या दिवशी तोडायचे ते आपण ठरवतो. जॅम आणि लिक्युअर (फळ मुरवून केलेले गोड मद्य) दोन्ही त्या दिवसावर अवलंबून असतात, आणि दोघांची गरज उलटी असते.

जॅम घट्ट धरतो तो पेक्टिन (फळातला चिकटपणा आणणारा घटक), आम्ल आणि साखर यांच्या मेळाने. फळ पिकत जाते तसे पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही उतरतात. म्हणून तीन भाग नुकती पिकलेली आणि एक भाग किंचित कच्ची फळे घ्या. पेरू, आंबट सफरचंद, संत्रे यांत पेक्टिन भरपूर असते. स्ट्रॉबेरी, चेरी, पीच, अंजीर यांत कमी. अशा फळांच्या जॅममध्ये किलोतले 200 ग्रॅम आंबट सफरचंद किसून घाला किंवा लिंबाच्या बिया मलमलीच्या पुरचुंडीत बांधून शिजताना सोडा.

साफ केलेले फळ 1 किलो, साखर 750 ग्रॅम, लिंबाचा रस 2 मोठे चमचे. पातेले जाड बुडाचे आणि पसरट हवे. एक तृतीयांशाहून जास्त भरू नका, उकळताना फेस वर येतो. आधी नुसते फळ मऊ शिजवा. साखर पडली की साली मऊ होत नाहीत, त्यामुळे इथे घाई नको. मग साखर आणि लिंबू घालून मंद आचेवर साखर पूर्ण विरघळवा आणि त्यानंतरच आच मोठी करा. मंद आचेवर रेंगाळलेल्या जॅमचे पेक्टिन तुटते, रंगही काळपटतो.

समुद्रसपाटीला 104 ते 105 अंश सेल्सिअसला जॅम तयार होतो. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते, तेव्हा तिथल्या उत्कलनबिंदूच्या साडेचार-पाच अंश वर थांबा. थर्मामीटर नसेल तर वजनाची पद्धत सर्वांत भरवशाची: रिकाम्या पातेल्याचे वजन लिहून ठेवा, वरच्या प्रमाणात जॅम सुमारे 1300 ग्रॅम उरला की साखरेचे प्रमाण 65 टक्क्यांच्या आसपास आलेले असते. फ्रीझरमधल्या बशीवर थेंब टाकून, मिनिटाने बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडते का हेही बघता येते. मात्र तेवढा वेळ पातेले खाली उतरवा.

उतरवून 10 मिनिटे थांबा, नाहीतर फळाचे तुकडे बरणीत वर तरंगतात. मग हलके ढवळून, पाण्यात 10 मिनिटे उकळून कोरड्या केलेल्या गरम बरण्यांत गरमच भरा, वर अर्धा सेंटिमीटर जागा सोडा आणि लगेच झाकण लावा.

पातळ राहिला तर लिंबाचा रस घालून पुन्हा उकळा. रवाळ झाला तर साखर नीट विरघळली नव्हती किंवा आंबटपणा कमी पडला. पाणी सुटले तर आम्ल जास्त झाले. साखर कमी केलेला जॅम फ्रिजमध्येच ठेवा. बाहेर त्याला बुरशी धरते.

लिक्युअरला सुगंध हवा, म्हणून फळ पूर्ण पिकू द्या. डागाळलेले मात्र नको. 500 ग्रॅम फळ काचेच्या बरणीत घालून त्यावर 40 टक्के अल्कोहोलची साधी व्होडका 750 मिलिलिटर ओता. फळ पूर्ण बुडालेले हवे. वर आलेला भाग तपकिरी पडतो. अंधारात चार ते सहा आठवडे ठेवा, अधूनमधून बरणी हलवा. चेरी, पीच, आलुबुखार यांच्या आठळ्या काढून टाका, कारण आतल्या बियांतून सायनाइड तयार होऊ शकते. लिंबूवर्गीय फळांची फक्त रंगीत साल घ्या, पांढरा भाग कडवटपणा आणतो.

गाळल्यावर 250 ग्रॅम साखर थोडी थोडी, चव पाहत विरघळवा. फळातल्या पाण्यामुळे अल्कोहोल 22 टक्क्यांच्या आसपास येते. तेवढ्याच व्होडकात किलोभर फळ घातले तर ते 17 टक्क्यांच्या घरात जाते आणि आंबण्याची भीती असते. गढूळपणा बहुधा पेक्टिनचा असतो: बाटली काही आठवडे न हलवता ठेवा, वरचे नितळ द्रव ओतून घ्या. आणि गाळून उरलेल्या फळाचा जॅम करायला जाऊ नका. चव त्यातून निघून गेलेली असते आणि आचेवर अल्कोहोलची वाफ पेट घेते.