लसीमुळे इजा झाल्याचा दावा अमेरिकेत करताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरांत दिवाळीच्या सुमारास फार्मसीत जाऊन फ्लूची लस टोचून घेण्याचे कामही उरकले जाते. बहुतेकांचा दंड दोन दिवस दुखतो आणि विषय संपतो. पण क्वचित एखाद्याचा खांदा महिनोन्‌महिने आखडून राहतो आणि भरपाईचा प्रश्न उभा राहतो. १९८६ च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र योजना आहे. तिथे वैद्यकीय वादाच्याही आधी अर्जदाराला अडचणीत आणतात त्या तारखा आणि कागद, असे माझे मत आहे.

‘व्हेअर्स’ या नोंदणी यंत्रणेत तक्रार भरली म्हणजे दावा दाखल झाला, असे समजू नये. ती नोंद लसींच्या सुरक्षिततेवर नजर ठेवण्यासाठी असते, तिच्यामुळे एक डॉलरही मिळत नाही आणि दाव्याची मुदतही थांबत नाही. दावा वॉशिंग्टनच्या फेडरल क्लेम्स कोर्टात, आरोग्यमंत्र्यांना प्रतिवादी करून दाखल होतो. लस टोचणाऱ्यावर किंवा कंपनीवर थेट मोठा खटला भरण्याआधी याच दारातून जावे लागते. नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे मुलाकडे आलेल्या आजींनी तिथे लस घेतली असेल तर त्याही अर्ज करू शकतात. पुण्यात घेतलेली लस मात्र, मोजके अपवाद सोडले, तर या योजनेत बसत नाही.

मुदत पहिले लक्षण दिसल्यापासून ३ वर्षे असते, निदान झाल्यापासून नव्हे. दुखणे ऑक्टोबरात सुरू झाले आणि एमआरआय मार्चमध्ये झाला, तर मोजणी ऑक्टोबरपासूनच करावी. कोविडच्या लसीचा मार्ग निराळा आहे: तिथे लस घेतल्याच्या तारखेपासून एकच वर्ष मिळते, आणि वेदनांची भरपाई किंवा वकिलाचा खर्च मिळत नाही.

सर्वांत महागात पडते ती आपली सोसण्याची सवय. शेक दिला, तेल चोळले, भारतातल्या डॉक्टर मावशीला फोटो पाठवला, आणि चार महिन्यांनी हात डोक्यापर्यंत जाईना तेव्हा कुठे दवाखाना गाठला. तिथे ‘कधीपासून दुखते?’ या प्रश्नाला ‘झाले असतील दोनेक महिने’ असे मोघम उत्तर दिले, की तेच कागदावर येते आणि पुढे आपल्याच विरोधात वाचले जाते. खांद्याच्या इजेत कारणसंबंध गृहीत धरला जावा यासाठी वेदना लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालेली असावी लागते, त्याच खांद्याचा आधीचा त्रास नसावा लागतो. शिवाय परिणाम ६ महिन्यांहून अधिक टिकल्याचे, किंवा रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया करावी लागल्याचे, दाखवावे लागते. नुसत्या अर्जदाराच्या शब्दावर निकाल देता येत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत लसीची तारीख, कोणता दंड आणि दुखणे सुरू झाल्याचा दिवस सांगावा, आणि फार्मसीच्या नोंदीत डावा-उजवा बरोबर आहे ना हेही पाहावे.

नोंद आधीच चुकली असेल, तर ती खाडाखोड करून सुधारण्याच्या फंदात पडू नये. लक्षण कधी सुरू झाले याची नोंद चुकीची असली किंवा मुळीच नसली, तरी निवाडा करणारे स्पेशल मास्टर इतर पुराव्यांवरून ती तारीख ठरवू शकतात. मावशीला पाठवलेला तो तारखेसह संदेश, रजेचा ईमेल, जोडीदाराचे प्रतिज्ञापत्र हे सगळे अशा वेळी कामी येते.

इजा सरकारी तक्त्यात (कोणत्या लसीनंतर कोणती इजा किती काळात दिसली तर कारणसंबंध गृहीत धरायचा, याची यादी) नसेल, तर ‘लस घेतली आणि मग आजारी पडलो’ एवढ्यावर भागत नाही. २००५ च्या ‘ऑल्थेन’ निकालानुसार लसीने ती इजा कशी होऊ शकते याचा वैद्यकीय सिद्धांत, प्रत्यक्षात तसेच घडल्याची तर्कसंगत साखळी आणि कालावधीचा मेळ, अशा तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांचे मत बहुधा लागतेच.

वकिलाच्या फीच्या धास्तीने गप्प बसण्याचे मात्र कारण नाही. दावा प्रामाणिक आणि रास्त आधाराचा असेल, तर हरल्यावरही योजनेतून वाजवी फी दिली जाऊ शकते, आणि भरपाईतून टक्केवारी कापायला कायद्याने वकिलाला मनाई आहे; तसा करार कोणी पुढे केला, तर सही न करता दुसरा वकील शोधावा.