उन्हाळ्यात पोरांना घेऊन गुहा बघायला जायचंय? कोल्हापुरातून हिरण्यकेशीचा एक दिवसाचा प्लॅन

मे महिन्यात पोरं घरात बसून मोबाईल सोडत नाहीत आणि दुपारी रंकाळ्यावर पण जाववत नाही, अशा वेळी गुहेसारखी दुसरी जागा नाही बघा. आत ऊन पोचत नाही, दगड थंडगार असतो. आता आपल्याकडं पोहाळ्याची लेणी आहेत, मसाई पठाराजवळचा पांडवदरा आहे, पण ती माणसानं कोरलेली. पोरांना निसर्गानं केलेली गुहा दाखवायची असेल तर सरळ आंबोलीची हिरण्यकेशी गाठा.

रस्ता म्हणजे निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली. तीन तास धरा, लहान पोरं असली तर जास्तच. सकाळी सहाला गाडी सुटलीच पाहिजे. जाताना एक करा, गडहिंग्लजजवळ नदी लागली की पोरांना सांगा, ही हिरण्यकेशी, पुढं कर्नाटकात घटप्रभेला मिळते, आणि आपण चाललोय ती जिथनं निघते तिथं. मग आजऱ्यात परत तीच नदी दिसते तेव्हा पोरं स्वतःच ओरडतात, आणि शेवटी एवढी मोठी नदी एका कपारीतनं बारीक धारेनं बाहेर येताना बघितली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. आमच्या धाकटीनं तर तिथं अर्धा तास प्रश्नच विचारले.

तिला सांगितलं तेच इथं सांगतो. आंबोलीचा वरचा दगड जांभा. त्याला बारीक बारीक भोकं असतात, पावसाचं पाणी त्यातनं झिरपत खाली जातं आणि वरचा कडक थर तसाच राहून खालची मऊ माती वाहून जाते, अशी हजारो वर्षं चालली की आत पोकळी तयार होते. मुरलेलं पाणी हळूहळू बाहेर येतं म्हणून भर उन्हाळ्यात पण तिथं पाणी असतं.

गुहेच्या तोंडाशीच देऊळ आहे, पुढं कुंड. गुहा बाहेरूनच बघायची, टॉर्च मारून. आत पाणी आहे, छत खाली येतं, किती खोल ते कळत नाही, त्यामुळं पोरांनी कितीही हट्ट केला तरी आत सोडू नका. कुंडात पण कुणी साबण लावून आंघोळ करू नका, बिस्किटं टाकू नका. तिथं शिस्टुरा हिरण्यकेशी नावाचा छोटासा मासा राहतो, 2020 मध्ये त्याची नवीन प्रजाती म्हणून नोंद झाली आणि 2021 मध्ये सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. काठावर गप्प बसून बघायचं, दिसला तर नशीब.

सामान कमीच घ्या. माणशी दोन लिटर पाणी, एक चांगली टॉर्च, टोप्या, जादा कपडे. पायात ग्रिपवाले बूट, चामडी चप्पल ओल्या दगडावर हमखास घसरते. जेवणाला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात, प्रवासात तांबडा पांढरा नको. पिशव्या गाडीच्या आतच ठेवा, माकडं हिसकावतात.

कुठल्याही गुहेपाशी गेलात की आधी मान वर करून बघायचं, आग्यामोहोळ आहे का. असेल तर तिथनं तसंच मागं फिरायचं. सेंट मारायचा नाही, धूर करायचा नाही, दगड तर अजिबात नाही. वटवाघळं असली तर आरडाओरडा नको आणि टॉर्च त्यांच्यावर मारू नका, पिल्लं अंगाला चिकटलेली असतात, दचकली की खाली पडतात हो.

आणि दुपारी दोन-अडीचच्या आत तिथनं निघा. मे मध्ये वळीव कधी येईल सांगता येत नाही, ढग भरून आले की झाडाखाली किंवा ओढ्यात थांबायचं नाही, गाडीत बसायचं.

अगदी तान्हं बाळ नाहीतर गुडघेदुखीवाले आजी-आजोबा बरोबर असतील तर एवढ्या लांब जाऊ नका, पन्हाळा वीस किलोमीटरवर आहे, पराशर गुहा बघून जेवून संध्याकाळी घरी.

परतताना आजऱ्याला रामतीर्थावर थांबा, उन्हाळ्यात पाणी कमी असतं म्हणून काठावर पाय सोडून बसता येतं, फक्त डोहाकडं पोरांना जाऊ देऊ नका. आणि आजऱ्यातनं घनसाळ तांदूळ घेतल्याशिवाय निघू नका, पाच किलो तरी घ्याच, शिजताना घरभर वास सुटतो.