बँडच्या पट्ट्याआधी गोळ्यांची पट्टी

टाइप २ मधुमेह, जोडीला बीपी, आणि आता वजन उतरवायचं म्हणून फिटनेस बँड मागवलाय. तो आला तरी दोन दिवस खोक्यातच राहू द्या. आधी घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. ब्रँडचं नाव नको, त्याखालचं औषधाचं नाव हवं. एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, तीही सगळी उतरवून घ्या.

यादीत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड दिसलं, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी आणि चालणं जास्त करण्याआधी डॉक्टरांना भेटायलाच हवं. ही औषधं तुम्ही किती जेवलात हे बघत नाहीत, साखर खाली ओढतच राहतात. काल तीन पोळ्यांना बरोबर असलेला डोस आज दीड पोळीला जास्त होतो. तो किती कमी करायचा हे डॉक्टर ठरवतील. मनानेच गोळी बंद करायची नाही. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर ही भीती फार कमी. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर प्रश्न वेगळा: पोळी-भात एकदम तोडला, कडक उपास धरला किंवा जुलाब-उलट्या लागल्या, तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) धोकादायक इतके साचू शकतात, आणि साखरेचा आकडा फारसा चढलेला नसल्यामुळे ते लक्षातही येत नाही. एकादशी-चतुर्थी धरणाऱ्यांनी हे आधीच सांगून ठेवावं.

बीपीच्या पट्टीवर मेटोप्रोलोल, अॅटेनोलोल किंवा बिसोप्रोलोल असेल, तर बँडमधले हार्ट रेटचे झोन तुमच्यासाठी नाहीत. ते बहुधा २२० वजा वय या हिशोबावर बसवलेले असतात, आणि या गोळ्या नाडी मुळात फारशी चढू देत नाहीत. 'फॅट बर्न' झोन गाठायचा म्हणून धापा टाकत पळणं हा इथला नेहमीचा घोटाळा. त्यापेक्षा बोलून बघा: चालताना गप्पा मारता येतात पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे. याच गोळ्या साखर उतरल्याची धडधड आणि थरथरही झाकतात. घाम मात्र झाकला जात नाही, म्हणून कारण नसताना गार घाम सुटला की थांबून साखर तपासा.

त्यासाठी ग्लुकोमीटर हवा, आणि त्याच्या पट्ट्यांच्या डबीवरची मुदत संपलेली नसावी. बँड साखर मोजू शकत नाही. सुई न टोचता साखर दाखवणाऱ्या घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून दूर राहा, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने, एफडीएने, फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला आहे. सोबत ग्लुकोज पावडर ठेवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १५ ग्रॅम मोजून दोन पुड्या बांधा आणि चालायच्या पँटच्या खिशात टाका. ७० च्या खाली आकडा आला की एक पुडी पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, चढला नसेल तर दुसरी. साधी साखर चालेल का? एरवी चालते, पण यादीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर नाही: ते साखरेचं पचन लांबवतात, म्हणून ग्लुकोजच लागतं. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांनी ९० च्या खाली आकडा असताना काही खाल्ल्याशिवाय चालायला निघू नये.

डोळ्याचा पडदा वर्षभरात तपासला नसेल तर वजनं उचलण्याआधी तपासून घ्या. तळपायांना बधिरपणा असेल तर चपलेवर चालू नका. मोजे-बूट घाला, बुटात हात फिरवून खडा नाही ना ते बघा, आणि परत आल्यावर आरशात तळवे.

आता बँड. मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घसरणार नाही पण वळही उठणार नाही इतका घट्ट. सैल असला की नाडी मोजणारा हिरवा प्रकाश गळतो आणि नाडी भलतीच दिसते. पावलं तो हाताच्या हेलकाव्यावरून ओळखतो, त्यामुळे दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असल्या की कमी भरतात आणि कणीक मळताना उगाच वाढतात. पहिला आठवडा काहीही न बदलता नुसतं मोजा. ३,२०० भरली तर पुढच्या आठवड्याचं लक्ष्य ३,७०० ते ४,०००. दहा हजार नव्हे. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पेडोमीटरच्या नावातून आला आहे, दवाखान्यातून नाही. शक्य असेल तर ही वाढीव पावलं जेवणानंतरच्या १०-१५ मिनिटांत बसवा. जेवणानंतर चढणारी साखर तिथेच आवरते.

जळालेल्या कॅलरीचा चौकोन अॅपच्या पहिल्या पानावरून काढूनच टाका. स्टॅनफर्डने २०१७ मध्ये सात उपकरणं तपासली तेव्हा सर्वांत बऱ्याचीही कॅलरीतली चूक सरासरी २७ टक्के निघाली. '४०० जळल्या' म्हणून वडापाव खाणाऱ्याचा काटा हलत नाही, तो यामुळेच.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी लघवीनंतर, त्याच काट्यावर. आठवड्याला अर्धा किलो चांगला वेग आहे. ८० किलोच्या माणसाचे चार किलो उतरले तरी साखर आणि बीपीवर फरक दिसू लागतो, आणि तेव्हाच जुना बीपीचा डोस जड होतो. अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बसून एकदा आणि उभं राहून मिनिटभराने पुन्हा बीपी मोजा, आणि दोन्ही आकडे पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.