माध्यम बदललं, सवयी तशाच राहिल्या: कलाविद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

कला शिकताना सुरुवातीच्या वर्षांत पेन्सिल, कोळसा, जलरंग, अ‍ॅक्रिलिक, तैलरंग, लिनो (कोरून छापे काढण्याचा लिनोलियमचा तुकडा), माती ही सगळी माध्यमं एकापाठोपाठ एक हाताखालून जातात. वर्षाअखेरीस ती कामं शेजारी-शेजारी मांडून पाहा. चित्र काढता येत नाही म्हणून फसलेली त्यात थोडीच निघतील. बाकीच्यांत आधीच्या माध्यमाची सवय पुढच्या माध्यमात शिरलेली दिसेल. तैलरंगात चालणारं घासकाम जलरंगाचा चिखल करतं आणि जलरंगात कामी आलेली सबुरी अ‍ॅक्रिलिकमध्ये ब्रश कायमचा कडक करून ठेवते.

‘वाळणं’ सगळीकडे सारखंच समजणं

बहुतेक घोटाळ्यांचं मूळ इथे आहे. जलरंगातलं पाणी उडून जातं, मागे रंगद्रव्य आणि डिंक उरतो. हा डिंक पुन्हा ओला केला की पुन्हा विरघळतो, म्हणून वाळलेल्या थरावर ब्रश घासला की खालचा रंग उठून येतो. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडालं की प्लास्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा तयार होतो आणि तो पाण्याने परत सुटत नाही. तैलरंगाची गोष्ट तिसरीच. त्यातलं जवसाचं तेल उडत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. वरून कोरडा लागणारा थर आतून कित्येक महिने बदलत असतो.

एवढं पक्कं झालं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

जलरंगात आकाशाच्या सपाट वॉशमध्ये (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाच्या थरात) फुलकोबीसारखे कातरलेल्या कडांचे डाग उमटतात ना, ते अर्धवट ओल्या कागदावर जास्त पाण्याचा ब्रश टेकवल्यामुळे. आलेलं पाणी खालचं रंगद्रव्य ढकलत कडेला नेऊन साठवतं. कागद तिरका धरून पाहा. चकाकी आहे तोवर ओल्यात रंग सोडायला हरकत नाही. चकाकी गेली, पण हाताची मागची बाजू टेकवल्यावर कागद गार लागतो, तर तिथून हात काढून घ्या. गारवा पूर्ण गेल्यावरच पुढचा थर द्या. डाग पडलाच तर लगेच पुसत बसू नका. पूर्ण वाळू द्या, मग ओलसर ब्रशने कड हलकेच मऊ करा. काही रंग कागदात इतके मुरतात की ते उठतच नाहीत. थॅलो निळा त्यातलाच, तो लावण्याआधी दोनदा विचार करावा.

रंग मळकट होण्याची कारणं साधी असतात: एकाच जागी तीन-चार रंग मिसळणं, तांबड्यावर हिरवा किंवा निळ्यावर नारिंगी ओल्यातच चढवणं आणि ब्रश धुण्याचं पाणी न बदलणं. पाण्याची दोन भांडी ठेवा, एक धुण्यासाठी आणि दुसरं फक्त स्वच्छ पाणी उचलण्यासाठी. पांढरी जागा शेवटी पांढऱ्या रंगाने मिळवू, हा विचारही इथे सोडावा लागतो. पांढरा म्हणजे कोरा राखलेला कागद. तो कागदही निदान 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) घ्या, नाहीतर फळीवर ताणून चिकटवा. पातळ कागद पाण्याने फुगला की रंग त्या खळग्यांत साचतो आणि दोष आपण हाताला देतो.

अ‍ॅक्रिलिककडून तैलरंगाची अपेक्षा

चेहऱ्यावरच्या छटा एकमेकींत मऊ मिसळायच्या म्हणून विद्यार्थी अर्धवट वाळलेला अ‍ॅक्रिलिक पुन्हा-पुन्हा घासत राहतो. रंग चिकट होतो आणि त्याचे तुकडे निघू लागतात. अशा वेळी थांबायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि वरून पारदर्शक पातळ थर देत छटा बांधायच्या. ओल्यातच मिसळायचं असेल तर छोटा भाग घ्या, वाळणं लांबवणारं रिटार्डर थोडंसं वापरा आणि रंग ओलसर कागदाच्या पॅलेटवर ठेवा. आणखी एक गोष्ट हमखास नडते: जलरंग वाळल्यावर फिकट होतो, अ‍ॅक्रिलिक थोडा गडद. त्यामुळे ओल्या रंगावरून छटा जुळवली तर दुसऱ्या दिवशी ठिगळ दिसतं. तुकड्यावर लावून, वाळवून, मगच जुळवा.

तैलरंगात घाई

खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, हा नियम जुना आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे. तेलकट थर सावकाश घट्ट होतो. त्याच्यावर लवकर वाळणारा थर चढवला तर वरचा आधी ताठ होतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. आयव्हरी ब्लॅकसारखा सावकाश वाळणारा काळा तळाशी जाड लावू नये तो याचसाठी. वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीही नाही. नेहमीच्या वॉर्निशसाठी सहा महिने ते वर्षभर थांबतात. सादरीकरणाची तारीख जवळ आली म्हणून हा काळ कमी होत नाही.

लिओनार्दो दा विंचीचं ‘लास्ट सपर’ या बाबतीत मला फार बोलकं वाटतं. भित्तिचित्राची रूढ रीत म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर, तो वाळायच्या आत रंगवणं. लिओनार्दोला सावकाश, बदल करत काम करायचं होतं. म्हणून मिलानमधल्या त्या भिंतीवर त्याने 1495 ते 1498 च्या सुमारास कोरड्या पृष्ठभागावर रंग लावले. त्याच्या हयातीतच ते सुटायला लागले. 1978 ला सुरू झालेलं जतनकाम 1999 ला संपलं. रचना, मुद्रा, अवकाश, सगळ्यांत ते चित्र थोर आहे, पण भिंतीने तो रंग धरला नाही.

आणि हे कृपया हसण्यावारी नेऊ नका: जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या ढिगाऱ्यात ती कोंडून आपोआप आग लागू शकते. फडकी पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी.

कोरडी माध्यमं, लिनो, माती, स्क्रीन

सुरुवातीची रेखाटणी दाबून बनवलेल्या कोळशाने करू नका, तो सहज पुसत नाही. त्यासाठी झाडाच्या डहाळीचा कोळसा घ्या. पेस्टलची भुकटी फुंकू नका, ती छातीत जाते. कागद उभा धरून मागून टिचकी मारा. फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी कागदावर धरून ठेवणारा फवारा, हातभर लांबून, पातळ थरांत मारा. जवळून मारलं तर पेस्टलचे उजळ रंग विझतात.

लिनोत चित्र उलटं छापलं जातं, अक्षरं तर नक्कीच आरशात पाहून तपासा. बारीक रेषा बुजत असतील तर शाई जास्त झाली आहे.

माती भट्टीत फुटली की सगळे हवेच्या बुडबुड्याला जबाबदार धरतात. खरं कारण बहुतेकदा आत राहिलेला ओलावा असतो. 100 अंश सेल्सिअसला त्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. जाड आकार आतून पोकळ करा, भिंतींची जाडी सारखी ठेवा, प्लास्टिकखाली सावकाश वाळवा. जोडाच्या दोन्ही बाजू खरवडून मगच पातळ माती लावा.

डिजिटल कामात कॅनव्हास लहान घेणं ही एकच चूक सगळं वाया घालवते. ए3 छपाईसाठी 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके) 3508 × 4961 पिक्सेल लागतात, आणि हे पहिल्या रेषेआधी ठरवायचं असतं.

नोंदवहीत ‘खूप मजा आली’ लिहिणं

पोर्टफोलिओसोबतच्या टिपणात ‘हे माध्यम थोडं कठीण गेलं, पण शिकायला मिळालं’ अशी वाक्यं सर्रास आढळतात. पुढच्या कामाला त्यांचा काही उपयोग होत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘200 जीएसएमचा कागद, न ताणलेला. दुसरा वॉश चकाकी गेल्यावर लगेच दिला, डावीकडे डाग आला. पुढच्या वेळी गारवा जाईपर्यंत थांबणार.’ साहित्य, क्रम, वाट पाहिलेला वेळ, परिणाम आणि पुढचा बदल. हे त्याच दिवशी लिहावं, कारण आठवड्याने फक्त भावना आठवते, क्रम आठवत नाही. फसलेला तुकडा फेकू नका, टिपणाशेजारी चिकटवा. तपासणाऱ्याला तुमचा विचार तिथेच दिसतो.

विषयासाठी हेच माध्यम का, याचंही उत्तर टिपणात हवं. त्यासाठी तोच विषय दोन माध्यमांत करून पाहणं उत्तम, मात्र पहिल्या चित्राची नक्कल दुसऱ्यात करू नका. पुन्हा मूळ वस्तूसमोर बसा. कोळशात तुम्ही सावलीपासून सुरुवात कराल, जलरंगात उजेडापासून, आणि रचनाच बदलेल.

शेवटचं काम रंगांच्या टिकाऊपणाचं. व्हॅन गॉगच्या झोपण्याच्या खोलीच्या चित्रातल्या आज निळ्या दिसणाऱ्या भिंती मुळात जांभळट होत्या, त्यातला तांबडा रंग उजेडाने उडाला. आपल्या प्रत्येक रंगाची पट्टी कागदावर ओढा, अर्धी काळ्या कागदाने झाका आणि उन्हाच्या खिडकीत काही महिने राहू द्या. मग झाकण काढून दोन्ही अर्धे ताडून पाहा आणि जे रंग उडाले त्यांची नावं नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.