नळदुर्ग दाखवायचा तर तटाकडून दाखवा

सोलापूरकर पाहुण्यांना नळदुर्गला नेतात ते ठरलेलं असतं. गाडी लावली की सगळे किल्ल्यातल्या, नदीच्या बांधात बसवलेल्या पाणीमहालाकडे पळतात, फोटो काढतात आणि बाराच्या आत ढाब्यावर हजर. आमच्याकडे सकाळी फिरायला येणारी मंडळी आणि त्यांची नातवंडं यांना मी दर हिवाळ्यात घेऊन जाते आणि पाणीमहाल मुद्दाम शेवटी ठेवते. एकदा तो बघितला की पुढं चालायला कुणी उठत नाही, हे एक कारण. शिवाय हा आदिलशाही-निजामशाहीच्या सरहद्दीवरचा किल्ला. तटाच्या कडेनं चालल्याशिवाय तो इथंच का बांधला हे समजत नाही.

चढ नाही ही मोठी सोय. आतली जमीन जवळजवळ सपाट, तटाचा घेर साधारण ३ किलोमीटर, बुरूज ११४. गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही झेपतं, फक्त घाई करायची नाही. बसत-उठत चार तास धरा.

माणसं वीस-बावीसच घ्या. जास्त झाली तर दोन तुकड्या करा, कारण मागच्यांना काही ऐकू जात नाही आणि मग ते आपापसात भिशीच्या गप्पा काढतात. गावातला वाटाड्या घ्यावा; पैसे आधी ठरवावेत आणि तारखा कमी सांगा म्हणून त्याला आधीच विनवावं. वाटाड्या पुढं असतो, पण तुमचं माणूस सगळ्यांत मागं हवं. आमच्यात हे काम एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरकाकांकडे आहे. डोकी मोजायची त्यांची सवय अजून गेलेली नाही.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं सोलापूरहून ५० किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. सहाला निघा. नऊनंतर ऊन फरशीवरून वर फेकतं, आणि आत सावली थोडी. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी, डोक्याला टोपी किंवा पदर, पायात बूट. कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात घेतली की दुपारपर्यंत खराब व्हायची चिंता नाही.

हुलमुख दरवाज्यातून लगेच आत घुसू नका. बाहेरच पाच मिनिटं सगळ्यांना थांबवा आणि खंदक दाखवा. बोरी नदीच्या खोऱ्यात पुढं आलेलं काळ्या दगडाचं पठार, त्यावर हा किल्ला. बाकीच्या बाजूंना कडे तुटलेले, खाली नदी. पश्चिमेला मात्र तो मोकळ्या जमिनीला चिकटलेला, म्हणून तिकडे एकामागे एक दोन तट, भक्कम बुरूज आणि पुढ्यात खोल खंदक. पोरांना विचारा, ‘तुम्ही शत्रू असता तर कुठून आला असता?’ उत्तर बरोबर येतं.

आत गेल्यावर तटाकडेनं चालत उपळी बुरूज गाठा. हा तटाला जोडलेला नाही, मधेच एकटा उभा आहे. पायऱ्या उंच, वर वारा जोराचा. एका वेळी आठ-दहा जणांनाच वर सोडा आणि पोरांचे हात धरा. वर दोन लांब तोफा आहेत, हत्ती तोफ आणि मगर तोफ. त्यांच्यावर घोड्यासारखं बसून फोटो काढायची खाज प्रत्येकाला येते. मी सरळ रागावते.

गोष्ट सांगायची ती इथं, दरवाज्यात नाही. चारी दिशा दिसतात. पश्चिमेला बोट करा: तिकडं सोलापूर. सोलापूरसाठी आदिलशाही आणि निजामशाही पिढ्यान् पिढ्या भांडल्या. पुढं मोगल आले, मग हैदराबादचा निजाम. १८५३ साली निजामानं हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला, तेव्हा मेडोज टेलर हा अधिकारी या किल्ल्यातच राहत होता. काही वर्षांत मुलूख परत निजामाकडे गेला. आणि १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरलं तेव्हा पहिली चकमक नळदुर्गलाच झाली; बोरीवरचा पूल सैन्यानं आधी हातात घेतला. म्हातारी माणसं गटात असतील तर इथं तुम्ही गप्प बसा. रझाकारांच्या वेळच्या घरातल्या आठवणी त्यांच्याकडे असतात.

जामा मशीद, बारादरी वाटेत उरकतं. नवबुरुजाला मात्र वळसा घाला. त्याची भिंत नऊ पाकळ्यांसारखी बाहेर फुगलेली आहे. कमानीत मोहोळ दिसलं तर आवाज बंद, अत्तर-स्प्रे मारलेल्यांनी लांबूनच बघायचं.

आता पाणीमहाल. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ साली, बोरी अडवून किल्ला आणि समोरचं रणमंडळ (नदीपलीकडचा जोडकिल्ला) यांच्यामध्ये बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात हा महाल बसवला. पाणी जास्त झालं की बांधावरच्या दोन वाटांनी खाली कोसळतं. तेच नर आणि मादी धबधबे. आत सज्जात उभं राहिलात तर पाण्याचा पडदा हातभर अंतरावरून जातो, भिंत हाताला थरथरते, शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही आणि अंगावर मात्र जेमतेम तुषार. आमची मंडळी हिवाळ्यात येतात, त्यांना कोरडा महाल बघावा लागतो. धबधबाच हवा असेल तर नळदुर्गचं बोरी धरण भरून वाहू लागल्याची बातमी आली की निघा, पण रविवार टाळा. उतरायच्या पायऱ्या अंधाऱ्या आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या असतात. पाच-सहा जणांचा जथा, हातात बॅटरी, पहिला वर आल्याशिवाय दुसरा खाली नाही. वाहत्या पाण्यात पाय सोडून बांधावर बसणं कुणाचंही ऐकून घेऊ नका, जावयाचंही नाही.

डबा खाऊन वेळ उरला तर तुळजापूर जवळ आहे. मैलारपूरच्या खंडोबाला जायचं म्हणत असतील तर आधी चौकशी करा: देव वर्षातला काही काळ इथं आणि बाकीचा अणदूरला असतो. पौष पौर्णिमेच्या यात्रेत मात्र किल्ल्याचा बेतच करू नका, रस्त्यावर गाडी हलत नाही.