सतरा रात्री, पाच देश: युरोपची बॅकपॅक सहल कशी आखावी

पंधरा दिवसांत नऊ देश नकाशावर सहज बसतात, पायांना ते झेपत नाहीत. मुक्काम हलवण्याचा एक दिवस मांडून बघा. सकाळी दहा-अकराला हॉस्टेलची खाट सोडायची, सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन स्टेशन गाठायचं, चार तास गाडीत बसायचं, मग नवं शहर, नवी मेट्रो, तिकिटाचं नवं मशीन. खाट ताब्यात मिळते दुपारी दोन-तीननंतर, आणि आंघोळ करून बाहेर पडेपर्यंत पाच वाजतात. नऊ देश म्हणजे असे आठ दिवस. पंधरातून आठ वजा केले की उरतात सात, आणि त्यातला पहिला झोप सावरण्यात जातो.

म्हणून देशांची यादी नंतर करा. आधी हातात किती रात्री आहेत ते लिहा आणि त्या शहरांना वाटून द्या. मोठ्या शहराला किमान तीन, जमलं तर चार. आणखी एखादा देश बघायचाच असेल तर सामान हॉस्टेलवर ठेवून सकाळी जाऊन संध्याकाळी परत या.

एक खरा मार्ग घेऊ: बर्लिन ३ रात्री आणि ड्रेस्डेन २ (दोन्ही जर्मनी), प्राग ४ (चेक), व्हिएन्ना ४ (ऑस्ट्रिया), बुडापेस्ट ४ (हंगेरी). एकूण सतरा. स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लावा व्हिएन्नाहून रेल्वेने साधारण एका तासावर आहे, तिथे एक दिवस पुरतो. असे पाच देश होतात आणि सामान उचलावं लागतं फक्त चार वेळा. बर्लिन ते ड्रेस्डेन सुमारे दोन तास, ड्रेस्डेन ते प्राग अडीच, प्राग ते व्हिएन्ना चार, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीनच्या आसपास. सगळी शहरं एका ओळीत असल्यामुळे उलटं फिरावं लागत नाही. विमानाचं तिकीटही तसंच काढा, जाताना मुंबई-बर्लिन आणि येताना बुडापेस्ट-मुंबई. बुकिंग करताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडला की हे जमतं. दोन एकेरी तिकिटं वेगळी काढली तर बहुधा महाग पडतात.

पॅरिस, रोम, बार्सिलोना हे त्रिकूट याच सहलीत कोंबू नका. ती अंतरं विमानाची आहेत, आणि स्वस्त विमानाचा आकडा फसवा असतो. रायनएअर किंवा विझ एअरच्या मूळ भाड्यात ४० × ३० × २० सेंटिमीटरची, सीटखाली मावणारी एकच पिशवी बसते. चाळीस लिटरची सॅक त्यात बसत नाही, तिचे पैसे वेगळे आणि गेटवर भरले तर आणखी जास्त. शिवाय विमानतळ शहरापासून लांब. ‘पॅरिस’ म्हणून विकला जाणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे.

व्हिसा

भारतीय पासपोर्टवर हाच टप्पा सगळ्यात वेळखाऊ, आणि रात्रींचं वाटप इथेही उपयोगी पडतं. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट, त्यात आता २९ देश आहेत. रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. ब्रिटन आणि आयर्लंड बाहेर आहेत. अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. दिवस समसमान असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. वरच्या मार्गात जर्मनीच्या पाच रात्री सर्वाधिक आहेत आणि प्रवेशही तिथूनच, म्हणजे शंकेला जागा नाही. सगळीकडे चार-चार रात्री ठेवल्या की अर्ज कुणाकडे करायचा यावरूनच गोंधळ सुरू होतो. अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो असं ऐकून तिथे अर्ज करायचा आणि मुक्काम दुसरीकडे ठोकायचा, हे मात्र करू नका. सीमेवर बुकिंग दाखवायला सांगतात आणि व्हिसा रद्द होऊ शकतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ४५ पर्यंत लागू शकतात. खरी अडचण अपॉइंटमेंटची. मे महिन्यात निघायचं तर मार्च-एप्रिलमध्ये तारखा मिळणं कठीण जातं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच कामाला लागा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा.

अर्ज अडतात ते बहुतेक बँक स्टेटमेंटवर. खात्यात वर्षभर वीस-तीस हजार आणि अर्जाच्या आठवड्यात अचानक चार लाख जमा, हे बघितलं की अधिकाऱ्याला प्रश्न पडणारच. घरच्यांनी पैसे दिले असतील तर तसं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट सोबत जोडा. आयकर विवरण, पगाराच्या चिठ्ठ्या, कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र आणि रोजचा मुक्काम दाखवणारा एक पानी तक्ता जोडा. तक्त्यातल्या तारखा हॉस्टेलच्या बुकिंगशी आणि विम्याशी तंतोतंत जुळायला हव्यात. एक रात्र जरी कुठेच दिसत नसेल तरी विचारणा होते. म्हणून राहण्याची जागा विनाशुल्क रद्द करता येईल अशीच निवडा आणि पैसे परत न मिळणारी रेल्वे तिकिटं व्हिसा हातात आल्यावरच काढा.

पासपोर्ट परत आला की स्टिकर नीट वाचा. व्हिसा कधीपासून कधीपर्यंत वैध आहे हे एक आणि प्रत्यक्षात किती दिवस राहता येईल हे दुसरं. वैधता ३५ दिवसांची आणि मुक्कामाचे दिवस २० असं असू शकतं, आणि त्या वीसमध्ये पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजतात. प्रवेशांची संख्या ०१ असेल तर मध्ये सर्बियात किंवा लंडनला डोकावून परत आत येता येणार नाही.

पासपोर्ट तपासणी शेंगेनच्या पहिल्या विमानतळावर होते. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे बर्लिनला जात असाल तर ती फ्रँकफर्टला. ऑक्टोबर २०२५ पासून चेहऱ्याचा फोटो घेणारी आणि बोटांचे ठसे तपासणारी नवी नोंदणी सुरू झाली आहे, त्यामुळे रांगा लांबतात. पुढच्या विमानासाठी किमान अडीच-तीन तास ठेवा. आतल्या सीमांवरही मधूनमधून तपासणी होते, म्हणून रेल्वेत मूळ पासपोर्ट अंगावर असू द्या, वरच्या फळीवरच्या सॅकमध्ये नको.

रेल्वे

युरेल, म्हणजे अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास, घ्यावा का? या मार्गासाठी नाही. लांबचे टप्पे फक्त चार आहेत आणि काही आठवडे आधी काढलेली सुटी तिकिटं पासपेक्षा स्वस्त पडतात. रोज कुठे जायचं ते ऐनवेळी ठरवणाऱ्यांसाठी पास उपयोगी. तोही फ्रान्स-स्पेनच्या वेगवान गाड्यांत आरक्षणाचे वेगळे पैसे मागतो. एकाच गाडीचं तिकीट दोन्ही देशांच्या रेल्वेच्या साइटवर बघा. प्राग-व्हिएन्नासाठी चेक रेल्वे, ऑस्ट्रियन रेल्वे आणि पिवळ्या गाड्यांची खासगी रेजिओजेट अशा तिन्हींचे दर तपासा, फरक चांगलाच असतो. सवलतीचं तिकीट त्याच गाडीपुरतं असतं. गाडी चुकली तर ते वाया जातं, म्हणून सकाळी सातची गाडी घेऊ नका.

स्टेशनचं पूर्ण नाव वाचा. ड्रेस्डेनहून येणारी गाडी प्रागमध्ये आधी होलेशोव्हित्से स्टेशनवर थांबते. ‘प्राग’ एवढंच वाचून अनेक जण तिथेच उतरतात, मुख्य स्टेशन पुढचं. याच गाडीत ड्रेस्डेन सुटल्यावर डाव्या खिडकीशी बसा. जवळपास तासभर रूळ एल्बे नदीच्या काठाकाठाने जातात. पलीकडच्या काठावर वाळूच्या खडकाचे उभे कडे, खाली एका रांगेत उतरत्या छपरांची घरं, आणि नदी खिडकीच्या इतकी जवळ की होडीतल्या माणसाची टोपी दिसते. हा तास फोनमध्ये घालवू नका.

शहरातल्या ट्राम-मेट्रोचं कागदी तिकीट विकत घेतलं म्हणजे झालं असं नाही, ते स्टँपिंगच्या डबीत घालून त्यावर वेळ उमटवावी लागते. प्रागमध्ये ही डबी पिवळी असते. कोरं तिकीट खिशात सापडलं तर तपासनीस दंड करतो, पर्यटक असल्याचं कारण ऐकत नाहीत.

खर्च

बर्लिन, ड्रेस्डेन आणि व्हिएन्नासाठी दिवसाला ८० युरो धरा, प्राग आणि बुडापेस्टसाठी ६०. यात डॉर्ममधली खाट, एक वेळ बाहेरचं जेवण, शहरातली वाहतूक आणि एखादं तिकीट भागतं. नऊ रात्रींचे ७२०, आठ रात्रींचे ४८०, मिळून १,२००. चार रेल्वे टप्पे आणि ब्रातिस्लावा मिळून १५० धरा. यावर पंधरा टक्के राखीव ठेवा, म्हणजे सुमारे १,५५० युरो. विमान, व्हिसा आणि विमा यापलीकडे. शनिवारी रात्री खाटेचे दर चढतात, म्हणून शनिवार महागड्या शहरात येऊ नये अशी तारखांची फिरवाफिरव करा.

कार्ड मशीन ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असं विचारतं, तेव्हा नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की विनिमयाचा दर ते मशीन ठरवतं. चेकमध्ये कोरुना आणि हंगेरीत फोरिंट चालतो, रोख थोडीच काढा आणि तीही बँकेच्या एटीएममधून. प्रागच्या जुन्या चौकात पैसे बदलताना फसलात तर पावती टाकू नका. चेक कायद्याने तीन तासांच्या आत तो व्यवहार रद्द करता येतो.

सॅक आणि खाणं

४० ते ४५ लिटरची, कमरेला पट्टा असलेली सॅक आणि भरून दहा किलोच्या आत. चार-पाच जोड कपडे पुरे, हॉस्टेलवर धुलाई मशीन असतं. स्वतःचं कुलूप न्या, लॉकर मिळतं पण कुलूप बहुधा नाही. पातळ टॉवेल घ्या, नाहीतर भाडं पडतं. स्लीपिंग बॅग नको. ढेकणांच्या भीतीने बरीच हॉस्टेल्स ती आत आणूच देत नाहीत, चादर-पांघरूण तेच देतात. आपला दोन पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतो, तीन गोल पिनांचा बसत नाही.

घरून खाऊ नेताना एक नियम आधी माहीत हवा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, खवा, बर्फी, तूप, चीज, सगळं यात येतं. बहुतेक ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं, म्हणून हापूस घरीच खाऊन निघा. भाजणी, मेतकूट, पोहे, कोरड्या चटण्या, बाकरवडी चालते. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात गरम भात आणि मेतकूट दहाव्या दिवशी किती आधार देतं ते गेल्याशिवाय कळत नाही. शाकाहारींनी सूप मागण्याआधी विचारा, भाज्यांच्या सूपमध्येही मांसाचं पाणी असतं. प्रागमध्ये तळलेलं चीज आणि बुडापेस्टमध्ये लांगोश ही तळलेली मोठी पुरी बिनधास्त घ्या. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद असतात, शनिवारीच पाव-दही आणून ठेवा. अडलंच तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी मिळतात. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. व्हिएन्नाचं तर आल्प्समधल्या झऱ्यांमधून येतं, बाटली विकत घेण्याची गरज नाही.

तिकिटं काढण्याआधी वारही तपासा. ड्रेस्डेनच्या झ्विंगर राजवाड्यातली संग्रहालयं सोमवारी बंद असतात. बर्लिनच्या संसदेचा काचेचा घुमट फुकट बघता येतो, पण नाव आधी ऑनलाइन नोंदवावं लागतं आणि दारात पासपोर्ट दाखवावा लागतो. ही नोंदणी निघण्यापूर्वी घरूनच करा. आणि शेवटच्या दिवशी बुडापेस्टहून विमानतळाला नेणाऱ्या १००ई बसचं तिकीट वेगळं काढा, शहराच्या साध्या तिकिटावर ती बस चालत नाही.