दोन अधिवासांतील शाकाहारी कीटकांची तुलना कशी करावी

तुलनेसाठी निवडलेले दोन्ही कीटक वनस्पतींवरच जगणारे असावेत आणि त्यांच्या राहण्याच्या जागा मात्र ठळकपणे वेगळ्या असाव्यात. येथे गवताळ माळावरचा आखूड शृंगिकांचा, म्हणजे डोक्यावरच्या आखूड मिशांचा, नाकतोडा आणि तरंगत्या जलपर्णीवर जगणारा, निओकेटिना वंशातील सोंड्या भुंगेरा ही जोडी घेतली आहे.

तुलनेच्या तक्त्याचे रकाने आखण्यापूर्वी कीटकाच्या वाढीची अवस्था ठरवून घ्यावी. प्रौढाशी प्रौढ आणि पिल्लाशी अळी, असेच ताडून पाहावे. नाकतोडा उन्हात सहज सापडतो. भुंगेरा जेमतेम 4 ते 5 मिलिमीटर लांबीचा असून दिवसा जलपर्णीच्या मध्यभागी, कोवळ्या पानांच्या बेचक्यात दडून बसतो, म्हणून तेथील पाने हलकेच उलगडून शोध घ्यावा.

कीटक हाती लागला नाही तरी पान बोलते. नाकतोडा पान कडेपासून कुरतडत आत जातो, त्यामुळे कड वेडीवाकडी तुटलेली दिसते. भुंगेरा पानाचा पृष्ठभाग खरवडतो आणि भिंगाखाली काही मिलिमीटर रुंदीचे, जवळजवळ चौकोनी, पुढे तपकिरी पडणारे चट्टे दिसतात. दोघांचेही जबडे चावणारेच आहेत; भुंगेऱ्याचे सोंडेच्या टोकाशी असतात, एवढेच. सोंड पाहून तो रस शोषत असावा असे लिहून मोकळे होणारे पुष्कळ असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

यानंतरचे काम अधिक नाजूक आहे, कारण दिसलेला प्रत्येक फरक अधिवासाच्या खात्यावर टाकता येत नाही. नाकतोड्याची पिल्ले कात टाकत प्रौढ होतात, तर भुंगेरा अळी आणि कोष या अवस्थांतून जातो. पण कोष तर जमिनीवरच्या भुंगेऱ्यांनाही असतो, तेव्हा हा फरक कुळाचा आहे, पाण्याचा नव्हे. याउलट नाकतोड्याची मादी पोटाचे टोक मातीत खुपसून अंडी घालते, आणि भुंगेऱ्याची अळी देठ पोखरत खाली उतरून पाण्यातील मुळांवर, मुळांच्याच केसांचे आवरण विणून कोषात जाते. येथे जागेचा ठसा उघड दिसतो.

शंका उरल्यास धान्यातील सोंडकिडा तिसरा म्हणून शेजारी मांडावा. जे वैशिष्ट्य दोन्ही सोंडवाल्यांत आढळते आणि नाकतोड्यात नाही, त्यापुढे ‘कुळ’ लिहावे. जे केवळ जलपर्णीवरच्या भुंगेऱ्यात आढळते, त्यापुढे ‘अधिवास’ हा शब्द, तोही प्रश्नचिन्हासह, लिहावा.